दोनशे तेरानंतरची पानं

बैठक अकराला सुरू व्हायची होती. साडेअकरापर्यंत घरातल्या माणसांनी कुणी कुठे बसायचं एवढंच ठरवलं होतं, आणि तेही धड नाही. आप्पांना खिडकीकडे पाठ करून बसायचं होतं, कारण चौऱ्याऐंशीव्या वर्षी उरलीसुरली नजर उजेडाने पाणावत असे. त्यांच्या थोरल्या मुलालाही नेमकी तीच खुर्ची हवी होती. पुस्तकं वाचून दाखवायची तर उजेड मागूनच यायला हवा, असं त्याचं म्हणणं. आणि धाकट्याला मुळात बसायचंच नव्हतं. कंपनीचा निळा शर्ट अंगात तसाच ठेवून तो दाराच्या चौकटीला टेकला होता.

"भावजी, बसा हो आता," थोरली सून म्हणाली. "तुम्ही असे उभे राहिलात की वाटतं, आमच्याकडे काहीतरी बिघडलंय आणि तुम्ही दुरुस्तीला आलात."

"जे बिघडलंय ते माझ्या आवाक्यातलं नाही, वहिनी. मी फक्त लिफ्ट दुरुस्त करतो."

बैठक ही या घराची स्वतःची रीत. घरातल्या कुणाला चर्चमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळायची असली, की आदल्या दिवशी त्याने या टेबलाशी बसायचं आणि घरच्या पाच पुस्तकांवर घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. चर्चच्या मंडळीचे पंच काय परीक्षा घ्यायची ती घेवोत, खरी परीक्षा ही. आप्पांच्या वडिलांनी ती पुस्तकं निवडली होती आणि त्यांची खरी नावं कुणी घेत नसे. 'हिरवं' वाचून या घरातले उपदेशक आवाज न चढवता बोलायला शिकले, 'बिनपुठ्ठ्याचं' वाचून आजाऱ्याच्या खाटेशी गप्प बसायला. 'जुळं' दोन खंडांचं होतं आणि ते पूर्ण वाचल्याचा दावा फक्त आप्पा करत. 'सासू' नावाच्या पुस्तकात पाळकाच्या हातून होणाऱ्या एकशे चाळीस चुका क्रमवार दिल्या होत्या, त्यामुळे घरातल्या भांडणांत शब्दांऐवजी आकडे वापरायची सोय झाली होती. पण सगळ्यांवर कडी म्हणजे 'तपकिरी'. पाळकाने काय मानायचं, का मानायचं आणि मानता येईनासं झालं तर काय करायचं, ते सगळं तपकिरीत होतं. आमच्या घराने श्रद्धा पवित्र शास्त्रातून घेतली आणि शिस्त तपकिरीतून, असं थोरला अभिमानाने सांगायचा. शास्त्राला थोडी जास्त संधी मिळाली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

उद्या सकाळी दहाला प्रश्नीची दीक्षा होती. प्रश्नी म्हणजे थोरल्याची एकुलती मुलगी. तीन वर्षांची असताना उठताबसता 'का' विचारायची म्हणून हे नाव पडलं. आता ती सत्तावीस वर्षांची होती, तरी ना नाव सुटलं होतं ना 'का'. घरातली ती पहिली बाई पाळक होणार होती. पंचांनी तिला पास केलं होतं. पंचांचा अध्यक्ष तिचा बापच असल्यामुळे तो परीक्षेपुरता बाजूला बसला होता, पण दीक्षेच्या पत्रावर शेवटची सही अध्यक्षाची लागते. ते पत्र आत्ता टेबलावर चष्म्याच्या डबीखाली होतं. सही व्हायची होती.

पहिली चार पुस्तकं सुरळीत पार पडली. 'सासू'मधला सत्तेचाळिसावा क्रमांक प्रश्नीने चुकवला तेव्हा आप्पांनी डोळे मिटूनच तो दुरुस्त केला आणि सगळ्यांना बरं वाटलं. मग थोरल्याने तपकिरी पुढे ओढलं आणि रीतीप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला.

"मनात शंका आहे का?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. आप्पांनी 'नाही' म्हटलं होतं, थोरल्याने म्हटलं होतं, आता लिफ्टच्या खोबणीत आयुष्य काढणाऱ्या धाकट्यानेसुद्धा एकेकाळी याच टेबलाशी म्हटलं होतं. प्रश्नीनेही आठवडाभर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. दोन अक्षरांचा तर शब्द. पण काका समोर दारात उभा होता, आणि त्याच्याकडे बघून तिला ती दोन अक्षरं काही केल्या तोंडातून काढवेनात.

"आहे," ती म्हणाली.

थोरल्याने चष्मा काढला. "काय आहे?"

"शंका. प्रार्थना कुणी ऐकतं की नाही, याची. कधी कधी आठवडाभर असते. मग जाते. मग पुन्हा येते."

"सर्दीसारखी?" धाकट्याने विचारलं.

"हो काका. अगदी सर्दीसारखी."

"ही थट्टेची गोष्ट नाही!" थोरल्याचा आवाज चढला, आणि हिरव्याची शिकवण आठवून त्याने तो लगेच उतरवला. त्यामुळे पुढचं वाक्य जास्तच भयंकर वाटलं. "उद्या दीक्षा आहे. पाहुणे निघालेत. आणि तू आज सांगतेस?"

"तुम्ही आज विचारलंत."

"अगं, 'नाही' म्हणायचं होतंस!" थोरली सून कपाळावर हात मारून म्हणाली. "सगळेच म्हणतात."

"तेच तर, आई. सगळेच म्हणतात."

थोरल्याने तपकिरी उघडलं. त्याला पान शोधावं लागलं नाही. पुस्तक आपणहून तिथेच उघडत असे. दोनशे तेरा. त्याने वाचलं, खरं तर पाठच म्हटलं: "ज्याच्या मनात संशयाने घर केले आहे, त्याने व्यासपीठाची पायरी चढू नये. चढला असेल तर उतरावे. भुकेल्यांपुढे रिकामे ताट ठेवणे हे पाप आहे."

बावीस वर्षांपूर्वी, तीन वर्षं उपदेश करून झाल्यावर धाकटा एका दुपारी भावाकडे आला होता आणि त्याने जवळजवळ हेच सांगितलं होतं. थोरल्याने त्याला हेच पान वाचून दाखवलं होतं. धाकटा पुढच्या रविवारी उभा राहिला नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

थोरल्याला कुणी दगडाच्या काळजाचा म्हणालं असतं तर ते खोटं ठरलं असतं. त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, त्या एका क्षणासाठी तो वर्षभर जगत होता. पण भावाला एक न्याय आणि पोरीला दुसरा, हे त्याच्याच्याने होईना. आज हे पान ओलांडलं, तर तेव्हा काय केलं? भाऊ उगीचच घालवला? त्या प्रश्नाची त्याला इतकी धास्ती होती, की त्यापेक्षा दीक्षा रद्द करणं सोपं वाटत होतं.

"पत्रावर सही करता येणार नाही," तो म्हणाला. "वर्षभर थांब. मन स्थिर झालं की बघू."

"दादा, तिला ते पान लावू नकोस," धाकटा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी नाही तर कोण बोलणार? त्या पानाखाली मी चिरडलोय!"

"जाऊ दे रे," आप्पा अचानक म्हणाले. "कर सही. पोरगी चांगली आहे."

दोन्ही भाऊ वळले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांना एकाच वेळी एकाच माणसाचा संताप आला होता.

"जाऊ दे?" थोरला म्हणाला. "आप्पा, हे पान तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत! चुकलो की पुन्हा पहिल्यापासून!"

"आणि मी उतरलो तेव्हा का नाही म्हणालात, जाऊ दे?" धाकटा म्हणाला.

"म्हातारा झालो," आप्पा पुटपुटले. "सही कर आणि चहा मागव."

हे आप्पांचं नेहमीचं. अडचणीत आले की म्हातारे व्हायचे आणि चहा मागायचे.

प्रश्नी मात्र पुस्तकाकडे बघत होती. "पप्पा, पुढे काय लिहिलंय?"

"कुठे पुढे?"

"दोनशे तेराच्या पुढे. 'पाप आहे' म्हणून माणूस थांबला का? वाचा ना."

"पुढची पानं ओल लागून चिकटलीत. लहानपणापासून बघतेस." त्याने ते पान उलटून दाखवलं. आठ पानं मिळून पुठ्ठ्यासारखी एक फळी झाली होती. तिच्या पुढच्या अंगाला दोनशे तेरा, मागच्या अंगाला कोरं पान, आणि मग समोर दोनशे एकोणतीसवर नवं प्रकरण. अनुक्रमणिका कधीच फाटून गेली होती.

"ओल?" थोरली सून म्हणाली. "कसली ओल?"

"तू जरा थांब."

"तीस वर्षं थांबलेच आहे. चौदाशे पुस्तकं आहेत या घरात, आणि दर महिन्याला एकेक काढून मी झटकते. ओल लागली की सगळं पुस्तक फुगतं, वास येतो, डाग पडतात. मधलीच आठ पानं अशी इस्त्री केल्यासारखी चिकटत नाहीत. ती खळ आहे. पिठाची. कडा बघा, झुरळांनी कुरतडल्यात. बाकीच्या पुस्तकाला तोंड लावलं नाही, एवढ्याच कडा खाल्ल्या."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. "मग तू इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? या घरात बाईला पुस्तकं झटकायला देतात. पुस्तकांबद्दल विचारत नाहीत."

असं म्हणून तिने त्याच्या हातातलं तपकिरी ओढून घेतलं, काखेत मारलं आणि स्वयंपाकघराकडे चालू लागली. प्रश्नी तिच्या मागे धावली. पाठोपाठ किटलीत पाणी पडल्याचा आणि शेगडी पेटल्याचा आवाज आला.

"तिला थांबवा!" आप्पा खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले. "वाफ लावेल ती! पुस्तक खराब होईल!"

धाकटा हे बघत होता. बारा मजल्यांची लिफ्ट रोज एकाच मजल्यावर अडकायला लागली, की तो मोटार उघडत नसे, आधी त्या मजल्यावर जाऊन बघत असे. आप्पा आत्ताआत्तापर्यंत पोरीच्या बाजूने होते, म्हातारे झाले होते, त्यांना चहा हवा होता. त्या आठ पानांचं नाव निघालं आणि त्यांना एकदम बळ आलं.

तो शेवटी येऊन बसला, आप्पांच्या शेजारच्याच खुर्चीत. "आप्पा, काय आहे त्या पानांत?"

"चहा," आप्पा म्हणाले.

"दादा, तू विचार. तुझं ऐकतील."

"माझं?" थोरला म्हणाला. "माझं या घरात कोण ऐकतं? माझी बायको तपकिरी शिजवायला घेऊन गेलीय!"

स्वयंपाकघरात किटलीच्या तोटीपुढे पुस्तक धरून दोघी उभ्या होत्या. थोरल्या सुनेच्या हातात बोथट सुरी होती. कड मऊ झाली की ती सुरी सरकवायची आणि पान अलगद सोडवायची. पाकिटावर चिकटलेलं तिकीट काढावं तसं.

"तू 'नाही' म्हणाली असतीस, तर एव्हाना सगळ्यांची जेवणं झाली असती," ती म्हणाली.

"खोटं बोलून पाळक होऊ?"

"मी तसं म्हटलं का? पण तुला वेळेचं काही आहे की नाही? परवा सांगायचंस, मागच्या महिन्यात सांगायचंस. नेमकं आज!" बोलता बोलता पहिलं पान सुटलं. तिने ते वाफेपासून दूर धरलं, चार ओळी वाचल्या आणि सुरी खाली ठेवली. "अगं बाई."

"काय, आई? काय लिहिलंय?"

"शेगडी बंद कर आणि बाहेर चल. आणि हे तूच वाच. माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, हिने मनाचं घातलं."

प्रश्नीने टेबलाशी उभं राहून वाचलं. पान ओलं होतं म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मागील प्रकरण मी तिसाव्या वर्षी लिहिले. त्या वयात शंका ही इतरांना होणारी गोष्ट आहे, असे मला वाटत असे. या आवृत्तीत ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. एखादा तरुण किती सहज न्याय करून मोकळा होतो, हे वाचकाला दिसावे. त्यानंतर नऊ वर्षे माझा एकही दिवस शंकेवाचून गेला नाही, आणि एकही रविवार मी चुकवला नाही. ज्याचे स्वतःचे ताट रिकामे आहे, तोही वाढू शकतो, कारण अन्न त्याचे नसतेच. म्हणून कोणी भाऊ तुमच्याकडे शंका घेऊन आला, तर त्याला खाली उतरवू नका. त्याच्या शेजारी उभे राहा."

"पुन्हा वाच," थोरला म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. मग त्याने पुस्तक स्वतःकडे घेतलं, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं, मनातल्या मनात. 'उतरवू नका' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं ते उचलेचना.

"खळ कुणी लावली?" धाकट्याने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते त्याला ऐकायचं होतं.

"मी," आप्पा म्हणाले.

"का?"

"तुमची आई गेली त्या वर्षी. हा सोळाचा होता, तू नऊचा. माझ्या मनात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. रविवारी उभा राहायचो आणि वाटायचं, मी हे कुणाशी बोलतोय? शनिवारी रात्री ते प्रकरण वाचायचो, सकाळी उभा राहायचो. चार वर्षं अशी काढली." त्यांनी डोळे पुसले. डोळे उजेडाने पाणावले नव्हते. "मग तुझा दादा तपकिरी वाचायला मागू लागला. मला वाटलं, माझ्या खुणा दिसतील, पानं मळलेली दिसतील, आणि त्याला कळेल. तुम्ही दोघं माझ्याकडे बघून विश्वास ठेवायचात रे. माझ्यातच काही नाही हे कळलं तर तुम्ही कुणाकडे बघणार?"

"म्हणजे तुम्ही स्वतः या पानांवर तगलात," धाकटा सावकाश म्हणाला, "आणि आम्हाला फक्त दोनशे तेरा दिलंत."

"हो."

"आणि मी आलो तेव्हा? दादाने मला ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. याच खोलीत."

"बसलो होतो."

"एक शब्द बोलायचा होता, आप्पा!"

"बोललो असतो, तर खळ कुणी लावली ते सांगावं लागलं असतं."

धाकटा उठला. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. आपण ओरडू, असं त्याला वाटलं होतं. इतकी वर्षं ओरडायची तयारी केली होती. पण समोर एक म्हातारा नाक पुसत बसला होता आणि त्याच्यावर ओरडून काही परत मिळणार नव्हतं. याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

"मग मीही उतरतो," थोरला एकदम म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "मला काय अधिकार आहे? अर्धं पुस्तक वाचून मी माझ्या भावाला... मी आजच पंचांना पत्र देतो. उद्या दुसरं कुणी..."

"पप्पा!" प्रश्नीने टेबलावर हात आपटला. "इथे उतरायची शर्यत लागलीय का? काकाला उतरवलंत, मला चढू देत नव्हतात, आता स्वतः उतरता! अर्ध्या पुस्तकावरून एक चूक केलीत, आता पूर्ण पुस्तक वाचून दुसरी करू नका. मला शंका आहे. मला उभंही राहायचंय. दोन्ही आहे. या घरात कुणाला दोन गोष्टी एका वेळी धरताच येत नाहीत का?"

"आधी सही करा," थोरली सून पत्र पुढे सरकवत म्हणाली. "मग काय उतरायचं ते उतरा."

थोरल्याने सही केली. सही करून त्याने मान वर केली, तर दार रिकामं होतं.

तो अनवाणीच धावला. धाकटा फाटकापर्यंत पोहोचून स्कूटरची किल्ली चाचपडत होता.

"थांब."

"मला काम आहे. लोक अडकलेत सहाव्या मजल्यावर."

"कुणी अडकलेलं नाही. तू आज सुट्टी घेतलीस, तुझ्या वहिनीने सांगितलं मला."

धाकट्याने किल्ली मुठीत धरली. "दादा, माफी-बिफी नको. मला राग आलाय आणि तो आज जाणार नाही. उद्याही जाणार नाही."

"नको जाऊ दे." थोरल्याला धाप लागली होती. "मी चुकलो. ते मी म्हणणारच, तू ऐक नाहीतर नको ऐकूस. पण मी दुसऱ्या कामाला आलोय. उद्या पोरीच्या डोक्यावर तीन पाळकांचे हात लागतात. एक माझा. आप्पांचा दुसरा. तिसरे पाळक बाहेरगावहून यायचे होते, त्यांना मी आत्ता फोन करून नको म्हणून सांगणार आहे."

"मी पाळक नाही."

"तुझी दीक्षा कुणी काढून घेतली? मी व्यासपीठ काढून घेतलं. दीक्षा काढून घ्यायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही. आपल्याही नाही."

धाकट्याने मूठ उघडली आणि दोन्ही पंजे भावापुढे धरले. नखांत आणि रेषांत ग्रीस इतकं मुरलं होतं, की ते चामडीचाच रंग वाटत होतं. "हे ठेवू तिच्या डोक्यावर? पांढऱ्या झग्यावर?"

"मग घासून ये ना!" थोरला खेकसला. "रॉकेल लाव, साबण लाव, काय लावायचं ते लाव! सगळं मीच सांगायचं का तुला? साडेनऊला ये."

धाकट्याने पंजे निळ्या शर्टाला पुसले.

"आणि तिथे कुणी मला विचारलं, अजून शंका आहे का, तर?"

"तर आहे म्हणून सांग," थोरला म्हणाला. "मी शेजारीच उभा असेन."